अर्धी पाडायची की पूर्ण? मोडकळीस आलेल्या इमारतीचा निर्णय

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की महापालिका अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, पेपरात ती छापून येते, आणि आमच्यासारख्या स्ट्रक्चरल इंजिनिअर लोकांचे फोन वाजायला लागतात. प्रश्न जवळजवळ एकच असतो. ‘‘साहेब, सगळी पाडायलाच पाहिजे का? मागचा भाग खराब झालाय, तेवढा उतरवला तर नाही का चालणार?’’ आजचं बोलणं या एका प्रश्नावर आहे. कारण त्याचं उत्तर कधी ‘चालेल’ असं असतं, कधी ‘अजिबात नाही’ असं असतं, आणि दोन्ही उत्तरांपायी माणसं घराबाहेर पडतात किंवा घरात राहतात. म्हणजे हा प्रश्न नुसता तांत्रिक नाही.

एक समज आधी बाजूला करू. अर्धी इमारत पाडणं म्हणजे पूर्ण पाडण्याच्या निम्मं काम, निम्मा खर्च, निम्मा धोका, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. पूर्ण पाडताना इमारतीचं पुढे काय होणार याची काळजी नसते. रिकामी करायची, आजूबाजूला आडोसा करायचा, वरून खाली उतरवत यायचं. अर्धी पाडताना मात्र जे राहतं ते उभं राहिलं पाहिजे, आणि बऱ्याचदा त्यात माणसं राहणार असतात. म्हणून मी लोकांना सांगतो, खराब भाग किती खराब आहे हे मला नंतर सांगा. आधी हे बघू, की चांगला भाग त्या खराब भागाशिवाय उभा राहील का?

आता कायद्यात काय आहे ते थोडक्यात. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५४ खाली आयुक्त धोकादायक बांधकामाबद्दल नोटीस देतात. लोक ‘३५४ ची नोटीस’ म्हणजे पाडायचीच नोटीस समजतात. पण त्या कलमात पाडा, सुरक्षित करा किंवा दुरुस्त करा, असे तिन्ही पर्याय आहेत. मुंबईत इमारतींची वर्गवारीही तशीच आहे. ‘सी-१’ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. ‘सी-२ए’ म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती किंवा अंशतः पाडकाम. ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता सांगाड्याची दुरुस्ती. ‘सी-३’ म्हणजे किरकोळ डागडुजी. आपला आजचा विषय सी-१ आणि सी-२ए यांच्या मधल्या रेषेचा आहे. कागदावर ती रेषा म्हणजे एक आकडा आणि एक अक्षर. घरात राहणाऱ्याला मात्र ती सामान बांधायचं की टेकू लावून राहायचं, एवढी मोठी असते.

ती रेषा ठरवायची कशी? त्यासाठी इमारत कशी उभी आहे हे कळायला हवं, आणि प्रत्येक जातीची इमारत वेगळी उभी असते.

पुण्या-साताऱ्याकडचा जुना वाडा घ्या. दगडी जोतं, वर लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर सरे, वर कडीपाट. दोन खांबांमधल्या जागेला आपल्याकडे ‘खण’ म्हणतात. ‘पाच खणांचा सोपा’ असं आपण अजूनही बोलतो. हा शब्द नुसता मापाचा नाही, तो रचनेचा आहे. खण ही वाड्याची जवळजवळ स्वतंत्र चौकट असते. म्हणून वाडा खणाखणाने बांधता येतो आणि खणाखणाने उतरवताही येतो. शेवटचे दोन खण वाळवीने खाल्ले असतील, तर ते उतरवून बाकीचे तीन ठेवणं शक्य असतं. अट एकच, कापायची जागा खांबावर आली पाहिजे, खणाच्या मध्ये नाही. आणि चौसोपी वाड्यात आणखी एक भानगड असते. चारही सोपे कोपऱ्यात एकमेकांना धरून असतात. त्यातला एक काढला की चौकोनाचा नुसता तीन बाजूंचा आकडा उरतो, आणि दोन कोपरे मोकळे पडतात. तिथे तिरके आधार दिल्याशिवाय पुढचा पावसाळा काढू नये.

दुसरी जात म्हणजे दाटीच्या पेठेतली किंवा गिरगाव-काळबादेवीकडची एकाला एक लागून उभी असलेली घरं. यांची मधली भिंत सामाईक असते. दोन्ही घरांचे सरे त्या एकाच भिंतीत खोवलेले असतात. एका बाजूचं घर उतरवलं की काय होतं? सरे निघाले, भिंतीत खोबण्या उरल्या. आतापर्यंत जी आतली भिंत होती ती आता बाहेरची झाली. तिला बाहेरच्या भिंतीचा गिलावा नाही, पाणी अडवायला काही नाही. पहिल्याच पावसात त्या खोबण्यांतून पाणी आत उतरतं आणि शेजारच्या घराच्या सऱ्यांची टोकं कुजायला लागतात. शिवाय भिंत किती उंच उघडी पडली तेही बघा. तीन मजल्यांची भिंत दर दहा फुटांवर दोन्ही बाजूंच्या तक्तपोशीने धरलेली असते. तो आधार एका बाजूने गेला, आणि दुसऱ्या बाजूचे सरे भिंतीला समांतर असले, तर तीस फुटांची भिंत कशालाही न धरता उभी असते, जाडी मात्र पूर्वीचीच. ती लगेच पडत नाही. जोराचा वारा, शेजारच्या प्लॉटवर नव्या पायाचं खोदकाम, यातलं एखादं निमित्त पुरतं.

आता काँक्रीट. इथे लोकांची सर्वांत जास्त फसगत होते, कारण काँक्रीटच्या इमारतीत खण डोळ्यांना दिसत नाहीत. समजा एक बीम तीन खांबांवर सलग गेलाय, म्हणजे दोन गाळे. दोन्ही गाळ्यांवर सारखंच वजन आहे. मधल्या खांबावर बीम वरच्या अंगाने ताणला जातो, म्हणून तिथे सळया वरच्या बाजूला जास्त असतात. सलगपणामुळे गाळ्याच्या मध्यावरचा वाकवणारा जोर कमी झालेला असतो, म्हणून तिथे खालच्या सळया बेताच्याच. आता तुम्ही एक गाळा कापला. उरलेला बीम दोन टोकांवर टेकलेला साधा बीम झाला. त्याच्या मध्यावरचा जोर जवळजवळ पावणेदोन पट होतो. वजन एक किलोनेही वाढलं नाही, उलट निम्मी इमारत गेली, आणि तरी उरलेला बीम त्याच्या ताकदीबाहेर गेला. हे गणित इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतं. ते चार आकड्यांचं आहे, पण ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये मी ते क्वचितच पाहिलंय.

सज्जे, म्हणजे बाल्कन्या, हाही असाच विषय. बाल्कनी आतल्या खोलीच्या स्लॅबने मागून धरून ठेवलेली असते. आतली स्लॅब आधी फोडली की बाल्कनी पुढे कलंडते. म्हणून पाडकामात बाल्कनी आधी, खोली नंतर.

आता एक सोपी, चांगली बातमी. मोठ्या सोसायट्यांत विंगा असतात आणि दोन विंगांमध्ये ‘एक्सपान्शन जॉइंट’ असतो. तो खरा असेल, म्हणजे दोन्ही बाजूंना स्वतंत्र खांब, स्वतंत्र बीम असतील, तर एक विंग पाडून दुसरी ठेवणं हा चांगला पर्याय आहे. पाया मात्र तपासा. वर खांब दोन आणि खाली पाया एकच, असं पुष्कळदा असतं. पण हा जॉइंट नुसता गिलाव्यातली रेघ नाही ना, हे उघडून बघितल्याशिवाय कोणी सही करू नये.

तपासणीबद्दल माझं एक आग्रहाचं म्हणणं आहे. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये चाचण्या कुठे घेतल्या जातात? जिथे सळया उघड्या पडल्यात, प्लास्टर गळतंय तिथे. रिबाउंड हॅमर तिथे, अल्ट्रासॉनिक चाचणी तिथे, कोअर तिथे. अहो, तो भाग खराब आहे हे आंधळ्यालाही दिसतंय! अंशतः पाडकामाचा विचार असेल तर निम्म्याहून जास्त चाचण्या जो भाग ठेवायचा आहे त्यात घ्या, आणि जिथे कापायचं त्या रेषेवर घ्या. काँक्रीट ताजं असताना क्षारयुक्त असतं आणि आतल्या सळईला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत जातो तसा तो गुण जातो. फोडलेल्या ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फथॅलिन टाकलं की शाबूत काँक्रीट गुलाबी होतं, गुण गेलेलं तसंच राहतं. स्वस्तातली चाचणी आहे. वरून ठणठणीत दिसणाऱ्या खांबात रंग न बदललेला पट्टा सळईच्या मागपर्यंत गेलेला असला, तर तो ‘चांगला भाग’ चांगला नाही. त्याची फक्त पाळी आलेली नाही. अशा वेळी अर्धी पाडून काही मिळत नाही. पाच-सात वर्षांनी उरलेली अर्धी पाडावी लागते, आणि मधल्या दुरुस्तीचा पैसा पाण्यात.

आता कापण्याच्या कामाबद्दल. रेषा ठरली की आधी राहणाऱ्या भागाला आधार द्यायचा, मग तोडायचं. हा क्रम कधीही उलटा नको. रेषेजवळ ब्रेकर चालवायचा नाही, त्याची थरथर राहणाऱ्या भागात जाते. तिथे डायमंड करवतीने किंवा हाताने काप घ्यायचा, आणि काप पूर्ण झाल्यावर पलीकडचं पाडायचं. राडारोडा स्लॅबवर साठू द्यायचा नाही. राहत्या घराच्या स्लॅबवर ये-जा, सामानसुमान यांचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरलेला असतो. विटा-काँक्रीटच्या राडारोड्याचा फूटभर ढीग चौरस मीटरला ४०० ते ४५० किलो भरतो. म्हणजे गुडघ्याच्याही खाली असलेला ढीग दुप्पट झाला. पाडकामाच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक आहे, आयएस ४१३०. छोट्या ठेकेदारांपैकी किती जणांनी ते उघडलं असेल, जाऊ द्या.

आणि एक गोष्ट. घरातली भिंत काढून हॉल मोठा करणं हेही अंशतः पाडकामच आहे, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही. घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ ला कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लागल्याचं चौकशीत पुढे आलं. तिथे कुठलंही ऑडिट नव्हतं, कुठलीही वर्गवारी नव्हती.

दोन इमारतींची उदाहरणं देतो, दोन टोकांची.

पहिली कुर्ल्याची, नाईक नगर सोसायटी. २७ जून २०२२ च्या रात्री तिची एक विंग कोसळली, १९ जण मृत्युमुखी पडले. दुर्घटनेनंतर महापालिकेने सांगितलं त्याप्रमाणे इमारत आधी सी-१ मध्ये, म्हणजे पाडायच्या यादीत होती. मग रहिवाशांनी दुसरं ऑडिट करून घेतलं आणि ती सी-२ मध्ये, दुरुस्त होण्याजोग्या यादीत आली. लोक राहत राहिले. आता यात रहिवाशांना दोष देणं फार सोपं आहे. मी देत नाही. मुंबईत भाड्याने दुसरीकडे जायची ऐपत नसलेल्या माणसाला कोणी ‘दुरुस्ती होईल’ असा कागद दिला, तर तो कागद तो छातीशी धरणारच. प्रश्न कागद देणाऱ्याला आहे. सी-१ चा सी-२ होताना नव्याने काय मोजलं गेलं? पहिल्या अहवालातला कोणता निष्कर्ष, कोणत्या चाचणीने खोडला? दोन ऑडिट परस्परविरोधी आले तर मुंबईत प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे पाठवायची सोय आहे. तिथे हेच दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

दुसरी काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन, जुनं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकातली, ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून इथे जोडलेली. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलचित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथे. २००५ मध्ये तिचा दर्शनी भागातला तुकडा कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. त्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडावी असं सुचवलं, आणि वारसा-संवर्धनातल्या तज्ज्ञांनी उलट सांगितलं, की ती वाचवता येईल. इमारत तीच. दोन्हीकडे जाणकार माणसं. मग फरक कुठला? माझ्या मते दोघांचे प्रश्न वेगळे होते. ‘आज ही इमारत सुरक्षित आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. ‘हिचे सुटे भाग एकेक करून काढून, बदलून, परत बसवता येतील का?’ असं विचारलं तर जोडून उभारलेल्या सांगाड्याबद्दल उत्तर ‘हो’ येऊ शकतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की वाचवण्याजोगी इमारत जाते. नाईक नगरच्या बाबतीत मला उलट भीती वाटते, की दुसऱ्या प्रश्नाचं ‘हो’ पहिल्याला चिकटवलं गेलं. इमारत दुरुस्त करता येईल, हे वाक्य ‘आज रात्री तिच्यात झोपायला हरकत नाही’ असं वाचलं गेलं. एस्प्लनेडमध्ये निदान ती रिकामी करून मग वाद चालला.

म्हणून माझ्या अहवालात मी हे दोन प्रश्न वेगवेगळ्या पानांवर ठेवतो. रिकामी करायची का, हे एका पानावर. किती पाडायची, हे दुसऱ्या. पहिल्याचं उत्तर आजच्या आज द्यावं लागतं. दुसऱ्याला दोन महिने लागले तरी चालतील, घाईत दिलेलं उत्तर महाग पडतं.

आता आपण प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, आमच्या चाळीचा संडासाकडचा भाग पाडायचा म्हणतात. ज्यांच्या खोल्या त्या बाजूला आहेत त्यांचं काय? बाकीचे तर राहणारच आहेत.

हा खरा दुखरा भाग आहे. पूर्ण पाडली की सगळे एका नावेत असतात. अर्धी पाडली की चाळीत दोन पक्ष पडतात. ज्यांच्या खोल्या राहिल्या त्यांना पुनर्विकासाची घाई उरत नाही, आणि ज्यांच्या गेल्या ते संक्रमण शिबिरात वाट बघत बसतात. कायद्याचं म्हणाल तर इमारत गेली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, शहा रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल, हे स्पष्ट केलंय. पण हक्क आहे आणि तो सिद्ध करता येतो, यात फरक आहे. खोली पाडायच्या आधी तिचं मोजमाप, आतले-बाहेरचे फोटो, वीजबिल, भाडेपावती, आणि महापालिकेने भाडेकरूंच्या ताब्यातल्या क्षेत्राची केलेली नोंद, हे सगळं हातात घ्या. नोंदीतला आकडा स्वतः वाचा. नंतर तो बदलायला फार वर्षं जातात. आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर, खोल्या जाणाऱ्यांना परत कधी आणि कुठे घेणार याचा लेखी करार झाल्याशिवाय बाकीच्यांनी अंशतः पाडकामाला संमती देऊ नये. पण रिकामं करायला सांगितलंय तर करार होईपर्यंत आत थांबू नका.

प्रश्न : दर्शनी भाग ठेवून मागे सगळं नवीन बांधतात, ते योग्य आहे का?

तांत्रिकदृष्ट्या करता येतं. मघाशी उघड्या भिंतीचं सांगितलं, तोच प्रश्न. मागचे मजले गेले की दर्शनी भिंत एकटी उभी राहते, म्हणून पोलादी सांगाडा बांधून तिला धरावं लागतं आणि नवे मजले आल्यावर त्यांना जोडावं लागतं. योग्य की अयोग्य हे इमारतीवर आहे. जिचं मोल रस्त्यावरून दिसण्यात आहे तिथे ठीक. वाड्याचं मोल चौकात असतं. दरवाजा ठेवून चौक पाडला तर काय ठेवलं?

प्रश्न : आमचं अर्धं पाडून झालंय आणि काम थांबलंय. पावसाळ्याचं काय करू?

कामाचं काहीही होवो, चार गोष्टी या आठवड्यात करा. उघड्या भिंतीच्या माथ्यावर सिमेंटचा उतार द्या, पाणी भिंतीत मुरायला नको. खोबण्या विटांनी बंद करून बाहेरून गिलावा करा. तेवढे पैसे नसतील तर पत्रे लावा. ताडपत्री एका वाऱ्यात जाते. टेकूंच्या बुडाशी पाणी साठतंय का बघा, माती मऊ झाली की टेकू सैल होतो आणि सैल टेकू म्हणजे नसलेला टेकू. आणि भिंतीवरच्या प्रत्येक तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवा, शेजारी तारीख लिहा. रोज सकाळी कोणीतरी एकाने फेरी मारून बघायचं. पट्टी फुटलेली दिसली, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि मग इंजिनिअरला फोन करा.